वाचनालयाची साधी वेबसाईट: पानं कोणती ठेवू, आणि एकमेकांना जोडू कशी?

काउंटरवरचा_बंड्या

मंडळी, तालुक्याच्या गावातलं आमचं 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. मी सहायक ग्रंथपाल. संगणकाला घाबरत नाही एवढ्या पात्रतेवर वेबसाईट माझ्या गळ्यात पडली आहे. साधं एचटीएमएल येतं, डेटाबेस वगैरे नकोच आहे.

कार्यकारिणीने दिलेली यादी अशी: मुख्यपान, आमच्याविषयी, इतिहास, संस्थापक, कार्यकारिणी, अध्यक्षांचे मनोगत, कार्यवाहांचे मनोगत, देणगीदार, उपक्रम, व्याख्यानमाला, दिवाळी अंक योजना, नवीन पुस्तके, बालविभाग, अभ्यासिका, फोटो, संपर्क. आणि सगळं मेनूत पाहिजे! मोबाईलवर स्क्रीन संपते, मेनू संपत नाही.

दोन प्रश्न. यातलं काय ठेवू, काय कशात घालू? आणि लॅपटॉपवर सगळ्या लिंका चालतात, सर्व्हरवर चढवलं की निम्म्या मरतात, ते का?

शाईची_दौत

बंडोपंत, ती यादी कार्यकारिणीच्या बैठकीची आहे, वाचकाची नाही. मी छोट्या संस्थांच्या साईट करते आणि दर ठिकाणी हीच यादी हातात पडते, फक्त अध्यक्षांचं नाव बदलतं.

संगणक बंद करा. काउंटरवर फोन वाजतो तेव्हा लोक काय विचारतात? आज उघडं आहे का. वर्गणी किती, अनामत किती, परत मिळते का. अमुक पुस्तक आहे का. दिवाळी अंकांचे पैसे कधीपासून घेताय. अभ्यासिकेत जागा आहे का. संस्थापकांचा जन्म कुठे झाला हे विचारायला आजवर कुणी फोन केलाय का? ग्रंथालयशास्त्राच्या रंगनाथनांचा १९३१चा चौथा नियम तुम्हाला मी सांगायला नको: वाचकाचा वेळ वाचवा.

आता कपाटातून जुनी कोरी कॅटलॉग कार्डं काढा, असतीलच कुठेतरी खोक्यात. एका कार्डावर एक पान. वर पानाचं नाव, खाली ते पान ज्या प्रश्नाचं उत्तर देतं तो प्रश्न, वाचकाच्या शब्दांत. प्रश्न सुचला नाही तर ते पान नाही, दुसऱ्या पानावरचा परिच्छेद आहे. मग कार्डं वाचनकक्षातल्या लांब टेबलावर मांडा. माझ्या अंदाजाने मेनूत एवढंच उरेल: मुख्यपान, सभासद व्हा, पुस्तके, दिवाळी अंक, अभ्यासिका, कार्यक्रम, वाचनालयाविषयी. वेळ, पत्ता, फोन यांना वेगळं पान कशाला? ते प्रत्येक पानाच्या तळाशी घाला, आणि फोन नंबर असा द्या की बोट लावलं की लागेल. बालविभाग 'पुस्तके'खाली, व्याख्यानमाला नि उपक्रम 'कार्यक्रम'खाली. इतिहास, संस्थापक, कार्यकारिणी, देणगीदार, दोन्ही मनोगतं 'वाचनालयाविषयी'त एकाखाली एक. फोटो त्या त्या कार्यक्रमाबरोबर. नुसत्या गॅलरीत सत्काराच्या शाली सोडून काही दिसत नाही.

लिंकांचं म्हणाल तर तुम्ही जन्मभर हेच करताय. 'कुसुमाग्रज, पाहा: शिरवाडकर, वि. वा.' हे कार्ड म्हणजे लिंकच की! तसं प्रत्येक कार्डाच्या मागे लाल शाईने लिहा: हे वाचून झाल्यावर माणूस पुढे काय विचारेल? दिवाळी अंकाचं पान वाचणारा विचारतो, 'सभासद नसलो तरी चालेल का?' म्हणजे कार्डावर तिथून 'सभासद व्हा'कडे लाल रेघ, साईटवर लिंक, आणि ती त्या वाक्यातच. मेनूवर भिस्त ठेवू नका, लोक मेनू उघडत नाहीत. सगळी कार्डं उलटी करून बघा. ज्याच्याकडे एकही लाल रेघ येत नाही ते पान सापडणार नाही, आणि ज्यावरून एकही निघत नाही तिथे वाचक अडकणार.

अजून एक. 'इथे क्लिक करा' लिहू नका. 'दिवाळी अंक योजनेचा अर्ज (पीडीएफ)' असं लिहा. दृष्टिहीन वाचक स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसत्या लिंकांची यादी ऐकू शकतो. त्याला बारा वेळा 'इथे क्लिक करा' ऐकवून काय साधणार?

तिरकी_रेघ

ताईंनी पहिला प्रश्न संपवलाच आहे. दुसऱ्याचं मी सांगतो.

लिंकमध्ये 'सी' ड्राइव्हपासूनचा पत्ता आलाय का बघा. तो पत्ता फक्त तुमच्या लॅपटॉपला कळतो. त्या पानापासून मोजलेला पत्ता द्या: त्याच फोल्डरमधली फाईल असेल तर नुसतं नाव, एक फोल्डर वर जायचं असेल तर दोन टिंबं आणि तिरकी रेघ. ती रेघ पुढे झुकलेली हवी, विंडोजसारखी मागे झुकलेली नको.

पण मला जास्त संशय मोठ्या-छोट्या अक्षरांचा आहे. विंडोजला फाईलच्या नावात मोठा 'एन' आणि छोटा 'एन' सारखाच. तुमचा सर्व्हर बहुधा लिनक्स असणार, त्याला त्या दोन वेगळ्या फाईली. सगळी नावं छोट्या रोमन अक्षरांत करा, मध्ये मोकळी जागा नको, आडवी रेघ चालेल. देवनागरी नावंही चालतात, पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) तीन बाइटचं, आणि पत्त्यात एकेका बाइटची तीन अक्षरं होतात. नुसता 'नियम' कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर टक्क्याच्या चिन्हांनी भरलेली ३६ अक्षरांची रांग उमटू शकते.

दिवाळी अंकांचं पान दरवर्षी नवं करू नका. एक कायमचा फोल्डर, आत इंडेक्स डॉट एचटीएमएल (फोल्डरचा पत्ता दिला की आपोआप उघडते ती फाईल), त्यात नेहमी चालू वर्षाची योजना. जुनी यादी त्याच्या आत सालाच्या फोल्डरमध्ये सरकवायची. काउंटरवर चिकटवलेला क्यूआर कोड मग पुढच्या वर्षीही तोच चालतो.

मेनू प्रत्येक फाईलीत हाताने चिकटवलाय ना? सर्व्हरवर पीएचपी (सर्व्हरवर पान जुळवून देणारी भाषा) असेल तर मेनू एकाच फाईलीत ठेवून सगळीकडे इन्क्लूड करा, म्हणजे तिथून आपोआप ओढून घ्या. त्यासाठी पानांचं एक्स्टेन्शन पीएचपी करावं लागेल, म्हणून लिंका जोडण्याआधीच ठरवा.

आणि पुस्तकांच्या याद्या जुन्या फॉन्टात टंकलेल्या असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नाहीतर पानावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसेल, आणि शोधून तर काहीच सापडणार नाही.

काउंटरवरचा_बंड्या

मोठ्या-छोट्या अक्षरांचंच होतं. नावं बदलली, मेलेल्या लिंका उठून बसल्या! कार्डंही मांडली. 'देणगीदार'कडे एकही लाल रेघ येत नव्हती, ती आता 'अभ्यासिके'वरून ओढली, कारण तिथली टेबलं देणगीतूनच आली आहेत.

अडलंय ते अध्यक्षांपाशी. मनोगताला स्वतंत्र पान नाही म्हटल्यावर चेहरा उतरला. 'मी नातेवाइकांना काय पाठवू?' म्हणाले.

शाईची_दौत

त्यांना स्वतंत्र लिंक द्या, पान नको. मनोगताच्या मथळ्याला एक आयडी द्या, आणि 'वाचनालयाविषयी'च्या पत्त्यापुढे हॅशचं चिन्ह लावून तो आयडी लिहा. लिंक उघडली की पान थेट त्यांच्या मथळ्यापाशी येऊन थांबतं. कार्यवाहांनाही तशीच एक करून ठेवा, मागतीलच.

काउंटरवरचा_बंड्या

मागितली. अध्यक्षांनी ग्रुपवर टाकल्यावर पाचच मिनिटांत.