व्हीओआरचा काटा उलटा काहून पळते? जीपीएस बंद करून नागपूर गाठताना झालेला घोळ

बांधावरचा पायलट
नमस्कार मंडळी. मी अर्जुनी मोरगावकडचा, घरी धानाची शेती, सध्या फ्लाइंग शिकून राहिलो. परवा गोंदिया ते नागपूर क्रॉस कंट्री होती, तिरोड्याच्या वीज प्रकल्पाच्या चिमण्या खाली दिसल्याबरोबर इन्स्ट्रक्टर सरांनी माझा टॅबलेट उलटा करून मांडीवर ठेवला, पॅनेलवरचं जीपीएसही बंद केलं आणि म्हणाले आता नुसत्या नागपूरच्या व्हीओआरवर (विमानाला दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ स्टेशन) नेऊन दाखव. आपण नागपूरपासून ०६९ रेडियलच्या (स्टेशनपासून ०६९ अंशांकडे निघणारी रेषा) आसपास असतो हे पाठ होतं म्हणून मी ओबीएसची खुंटी, म्हणजे विमानातल्या व्हीओआरच्या डब्यावर दिशा निवडायची ती, फिरवून ०६९ लावलं. काटा थोडा उजवीकडे होता तं मी उजवीकडे वळलो, तो अजून उजवीकडे सरकला, मी अजून वळलो आणि काटा पार टोकाला जाऊन बसला. तुमसर उजव्या हाताला दिसायला पाहिजे होतं ते डाव्या पंखाखाली आलं तेव्हा सर एवढंच बोलले, खाली पाहा. तेव्हापासून झोप नाही लागून राहिली. काटा उलटा काहून पळाला? आणि सगळ्यांकडे जीपीएस असताना हे इतकं घोटून घेतात ते नेमकं कशासाठी, कोणी नीट समजावून सांगा.

रनवे ३२
भाऊ, काटा उलटा नव्हता. त्या डब्याला तुझ्या विमानाचं नाक कोणीकडे आहे हे माहीतच नसते, त्याला फक्त तू स्टेशनपासून कोणत्या रेषेवर आहेस तेवढं कळते. व्हीओआर दोन सिग्नल सोडते, दोन्ही ३० हर्ट्झचे, एक चारही दिशांना सारखा आणि दुसरा दिशेप्रमाणे बदलणारा. त्या दोघांत जितक्या अंशांचं अंतर पडते तितका तुझा रेडियल, उत्तरेत शून्य, पूर्वेत ९०. तू ०६९ लावलं म्हणजे डब्यानं धरलं की हा नागपूरकडून गोंदियाकडे चालला. डब्यावरची झेंडी, स्टेशनकडे असेल तं 'टू' आणि स्टेशनपासून दूर असेल तं 'फ्रॉम' सांगते ती, 'फ्रॉम' दाखवत असेल, आठवून पाहा. तू तं २४९ वर नाक करून नागपूरला चालला होतास. गोंदियाकडे तोंड असलेल्याचा उजवा हात म्हणजे दक्षिण, तुझा उजवा हात उत्तर. म्हणून काट्यामागं गेलास आणि उत्तरेला बालाघाटच्या बाजूला सरकत राहिलास. पुढच्या वेळी २४९ लाव, झेंडी 'टू' येईल, मग काट्याकडे वळलं की काटा मधे येते. जायचंय ती दिशा खुंटीवर, हे रोज खुर्चीत बसून दहा वेळा कर, वहीवर विमान काढून कर.

अजून एक, काट्याच्या मागं धावू नको. टोक म्हणजे १० अंश. ६० नॉटिकल मैलांवर १ अंश म्हणजे १ मैल, तिथं काटा आळशी वाटते, स्टेशनजवळ ६ मैलांवर तोच अंश मैलाचा दहावा हिस्सा, म्हणून तो थरथरायला लागते आणि नवीन पोट्टे डावं उजवं करत सुटतात. हेडिंग (नाकाची दिशा) धरून ठेव, वारा किती ढकलून राहिला ते दोन मिनिटं पाहा, मग ५-१० अंश वाऱ्याकडे दे. आणि डोक्यावरून जाताना झेंडी मधे लटकते, तेव्हा काहीच करू नको, हेडिंग धर, दुसऱ्या बाजूला गेलं की 'फ्रॉम' येते.

तलावाकाठचा
मी पायलट नाही, शेतकरी आहे, पण वाचून राहिलो. एका विमानतळाजवळून जाताना लोखंडी जाळीच्या मांडवावर पांढऱ्या टोप्यांचं मोठं गोल रिंगण दिसते, मधे एक टोपी. लोक रडार म्हणतात. हेच का ते?

जुना रेडिओवाला
तलावाकाठचे भाऊ, बरोबर ओळखलं, रडार नाही तो, डॉपलर व्हीओआर आहे. रिंगणात साधारण ४८ अँटेना असतात आणि सिग्नल त्या रिंगणातून सेकंदाला ३० फेऱ्या मारते, एकही वस्तू हलत नाही. खालचा जाळीचा मांडव जमिनीचा त्रास कमी करण्यासाठी.

बांधावरच्या पोरा, आता तुझा दुसरा प्रश्न. मी आयुष्यभर ट्रान्समीटरपाशी बसलो म्हणून पोटतिडकीनं सांगतो. जीपीएसचे उपग्रह २०,००० किलोमीटरवर, त्यांचा सिग्नल खाली येईतो इतका क्षीण होते की जमिनीवरचं छोटंसं यंत्रही तो दाबू शकते किंवा खोटा सिग्नल पाजू शकते. नोव्हेंबर २०२५ मधे दिल्लीला हेच झालं, सरकारनं संसदेतही मान्य केलं, आणि जमिनीवरचे जुने बीकन किमान संख्येत ठेवणार हेही सांगितलं. व्हीओआर १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमधे बोलते, तुझ्या एफएमच्या लगेच वर, जोरात आणि जवळून. फक्त सरळ रेषेत दिसला पाहिजे. ३५०० फुटांवर साधारण ७० नॉटिकल मैल पोचते, म्हणजे गोंदियाहून नागपूर धरायचं तं आधी वर चढा.

एनडीबी (चारही दिशांना सारखा सिग्नल सोडणारा साधा बीकन) त्याच्याहून जुना, तो मध्यम लहरींच्या शेजारी. एडीएफवर (सिग्नल येते तिकडे काटा दाखवणारं विमानातलं यंत्र) आकाशवाणी नागपूरचं ५८५ लावलं तरी काटा त्या टॉवरकडे वळते, मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पण जून महिन्यात ढग गडगडले की तोच काटा विजेकडे वळते, आणि बीकन बंद पडला तरी एडीएफवर लाल झेंडी येत नाही. म्हणून एनडीबीवर असाल तेवढा वेळ कानात मोर्स (बीकन आपलं नाव सांगते ती टिकटिक) चालू ठेवायचा. व्हीओआरलाही आधी तीन अक्षरं ऐका, मगच काट्यावर विश्वास. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपालाची विमानं रोज मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून थैल्या बदलत आणि पहाटेपर्यंत परत जात. तेव्हा आकाशात एकही उपग्रह नव्हता.

बांधावरचा पायलट
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत गेलो. २४९ लावलं, झेंडी 'टू', काटा जरा डावीकडे, डावीकडे ५ अंश दिले आणि तो हळूच मधे आला. वैनगंगा ओलांडली तेव्हा तुमसर उजव्या हाताला, रेल्वे लाइन डावीकडे. आवाज कमी करून मोर्स ऐकत होतो, सरांनी स्वतःहून माझा हेडसेट नीट केला. पुढच्या आठवड्यात एनडीबीवर होल्ड (बीकनपाशी ठरलेल्या घिरट्या) आहे. जुने रेडिओवाले काका, वाऱ्यात होमिंग (नाक सारखं बीकनकडेच ठेवून जाणं) केलं की वाट वाकडी होते म्हणतात, ते वहीवर कसं काढायचं ते सांगाल का?