समितीतले निम्मे पालक ऊसतोडीला जातात, बैठका चालवायच्या कशा?

पाटोद्याची सून
रामराम मंडळी. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत (पहिली ते सातवी) श्रावणात पालकसभा झाली. या वेळी बाई करू म्हणाले, सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष झाले. बारावी शिकलेय, शिवणकाम करते.

समितीतले निम्मे पालक कोयत्याला जातात. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन झालीय, दिवाळी झाली की टोळ्या निघतील ते गुढीपाडव्याच्या पुढंमागंच परत. मग बैठकीला कोण? तसं आत्तासुद्धा कोण येतंय म्हणा. बैठक दुपारी बाराला असते, त्याला मी, उपाध्यक्ष आणि हेडसर. बाकीच्यांकडं रजिस्टर सहीला घरोघर फिरतं. परवा चौथीतलं एक पोरगं ते घेऊन माझ्याच दारात आलं. वरच्या निम्म्या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी सही केली नाही, तर सर नाराज झालेत असं कानावर आलं. माणूस वाईट नाही. दोन वर्ग एकटे सांभाळतात, वरून ऑनलाइन माहिती भरायची. मला भांडण नको, काम पाहिजे. त्यात लोक आमच्या मिस्टरांना म्हणतात, "तुम्हीच येत जा बैठकीला." काय करावं?

निवृत्त गुरुजी, सातारा
ताई, सही केली नाहीत हे उत्तम. रजिस्टर का फिरतं ते मात्र समजून घ्या. महिन्याला किमान एक बैठक व्हावी असा दंडक आहे, आणि तपासणीला येणारा रजिस्टर बघतो, बैठक बघत नाही. मुख्याध्यापक समितीचा सदस्य-सचिव असतो, इतिवृत्त त्याच्याच गळ्यात. तुम्ही सरांना एवढंच म्हणा, "लिहायचं मी करते, तुम्ही सांगा." बैठक संपायच्या आत काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं लिहायचं, मोठ्यानं वाचायचं आणि तिथंच सह्या. त्यांचं ओझं उतरेल, राग आपोआप जाईल. पैशाच्या कागदालाही हाच नियम लावा. आधी बिल आणि वस्तू बघायची, मग सही.

शिरूरची आक्का
सूनबाई, मी शेजारच्याच तालुक्यातली. दोन वर्षं अध्यक्ष होते. गुरुजींचं बरोबर आहे, पण ते झालं कागदाचं. माणसं कशी आणायची ते ऐक.

दुपारी बाराची बैठक म्हणजे बैठक नको असं सांगणंच आहे. त्या वेळी बाया खुरपायला असतात. आम्ही संध्याकाळी धारा काढून झाल्यावर घ्यायचो, शाळेच्या ओट्यावर. बाजाराचा दिवस टाळायचा. निरोप चिठ्ठीनं नाही, मंदिराच्या भोंग्यावरून आणि मोबाइलवर आवाजात बोलून पाठवायचा. निम्म्या जणींना वाचता येत नाही, पण सांगत कुणीच नाही.

आता कोयत्याचं. आईबाप गेल्यावर पोरं कुणाजवळ राहतात? आजीजवळ. मग बैठकीला आजी बोलव! शिक्षण हक्क कायद्यात समितीत तीन चतुर्थांश "माता-पिता किंवा पालक" असावेत असं आहे, आणि मूल ज्याच्या ताब्यात नि देखभालीत आहे तो पालक. समिती दोन वर्षांनी बदलते, तेव्हा अशा दोन आज्या सदस्यच करून घे, तोवर निमंत्रित म्हणून बसव. आमच्यातली एक आजी तांदळाच्या गोणीजवळ जाऊन बसायची. पहिली ते पाचवीला पोरामागं 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ, हे तिला पाठ. पट विचारायची, मनातल्या मनात हिशोब करायची आणि पातेल्याकडं बघायची. खिचडी आपोआप घट्ट झाली. चव घेतल्याची नोंदवही असते ना, त्यावर अंगठा तिचाच.

सगळ्यात मोठी बैठक टोळ्या निघायच्या आधी घे. तीत एकच विषय: कुणाचं पोरगं गावात थांबणार, कुणापाशी, आणि कुणाचं कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, आईबापासोबत जाणार. नावानिशी यादी कर. गावात थांबणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह समितीनंच चालवायचं असतं, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं जेवण, सामान, स्वयंपाकीण, सगळं तुझ्या सहीखाली. अनुदान उशिरा येतं, किराणा उधारीवर चालतो. दुकानदाराशी आधीच बोलून ठेव आणि वहीचा हिशोब फळ्यावर लिहीत जा. नाहीतर गाव म्हणतं, अध्यक्षीणबाईंच्या घरात तेलाचे डबे गेले. आमच्याकडं म्हणालेच होते.

मिस्टरांचं म्हणशील तर त्यांनाच सांगायला लाव, "अध्यक्ष ती आहे, तिला विचारा." माझ्या मालकांनी पारावर एकदा सांगितलं, मग कुणी विचारलं नाही.

पालक, पुणे
आमच्या खाजगी शाळेत उलटं आहे. 2011 च्या शुल्क कायद्यानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीचा अध्यक्ष मुख्याध्यापकच, उपाध्यक्ष पालक. सदस्य इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडायचे. फीवाढीचा प्रस्ताव समितीसमोर यावा लागतो म्हणून त्या एका बैठकीला चिक्कार गर्दी, एरवी स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचा रंग ठरवतो. तुमच्याकडं अध्यक्षपद पालकाकडं आहे, ते सोडू नका.

पाटोद्याची सून
गुरुजी, आक्का, आभार. आज सरांकडं गेले होते. लिहायचं मी करते म्हटल्यावर त्यांनी रजिस्टरच पुढं सरकवलं, वर चहा पाजला. पुढची बैठक संध्याकाळी सहाला ठरलीय.

आक्का, एक राहिलं. जे आईबाप फडात असतील त्यांना पोरांचं कळवायचं कसं? एक बाई म्हणाली, तिकडं गेल्यावर पोरगी शाळेत जाते का नाही तेच मला कळत नाही.

शिरूरची आक्का
आम्ही बैठकीतूनच फोन लावायचो, स्पीकरवर. पण दिवसा नाही. दिवसा ते फडात असतात, नाहीतर गाडी भरत असतात. रात्री आठनंतर कोपीवर सापडतात. आधी पोरीला बोलू दे, मग बाईंना. आणि हजेरी विचारायला वर्गशिक्षिका समोर पाहिजेच, म्हणून आमच्या बाईंना त्या रात्री मुक्कामाला माझ्या घरी ठेवायचे. त्या तालुक्याहून यायच्या, शेवटची एसटी पाचला. तुमच्या बाई गावातच राहतात का?