जुनी मियाटा घ्यायचीये: क्लब की ग्रँड टूरिंग?

घाटमाथा:
नमस्कार मंडळी. मुक्काम एडिसन, न्यू जर्सी. पोरगा कॉलेजला गेला, मिनीव्हॅन विकली, आता दहा वर्षं मनात असलेली हौस पूर्ण करायचीये, सेकंडहँड माझदा मियाटा, दोन सीटांची, टप उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. चौथ्या पिढीची, म्हणजे एनडी, 2016 पासूनची. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. दोन्ही 2017 च्या, दोन्हींना कापडी टप, दोन्ही पन्नास हजार मैलांच्या आत, किमतीत हजार डॉलरचाही फरक नाही. एक क्लब ट्रिमची, दुसरी ग्रँड टूरिंग (ट्रिम म्हणजे त्याच गाडीचा कमी-जास्त सोयींचा प्रकार). इंजिन दोन्हींचं तेच, 2 लिटर, 155 हॉर्सपॉवर. वापर म्हणाल तर रोज रूट 1 ने ऑफिस, अकरा मैल, आणि रविवारी पहाटे पॅलिसेड्स पार्कवेने वर जाऊन हॅरिमन पार्कमधला सेव्हन लेक्स ड्राइव्ह, एक चक्कर मारून नाश्त्याला घरी. ट्रॅकवर वगैरे जाणार नाहीये. माझं मन क्लबकडे, बायकोचं ग्रँड टूरिंगकडे (सीट गरम होते म्हणून). भांडा.

ऑटोक्रॉस_बंड्या:
क्लब. धागा बंद करा.
बरं, कारण पण सांगतो. क्लबला मागे एलएसडी मिळतो (गोळी नाही काका, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल), बिलस्टीनचे शॉक्स मिळतात आणि पुढे शॉक टॉवरला ब्रेस (दोन्ही टॉवर जोडणारी आडवी दांडी). साधा डिफ (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरसंच) असला की टाइट वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचं चाक हलकं होतं, तुम्ही ॲक्सिलरेटर दिला की सगळी ताकद त्याच चाकाला जाते आणि ते नुसतं फिरत बसतं, गाडी जागची हलल्यासारखी वाटत नाही. एलएसडी ती ताकद दुसऱ्या चाकालाही देतो आणि गाडी वळणातून ओढून काढतो. स्पोर्ट्स कार घ्यायची आणि डिफ साधा ठेवायचा म्हणजे पुरणपोळी घ्यायची आणि पुरण नको म्हणायचं. आणि ब्रेम्बो-बीबीएस (ब्रेम्बोचे ब्रेक, बीबीएसची चाकं) पॅकेजवाली क्लब मिळाली तर विचारूच नका, उचला.

डेट्रॉइटकाका:
बंड्या, तू तिशीतला दिसतोस. तुझे मणके अजून वॉरंटीत आहेत. धागाकर्त्याचा पोरगा कॉलेजात आहे, त्या हिशोबाने बोल.
माझ्याकडे एनडी ग्रँड टूरिंग आहे, चौथं वर्ष. ऑक्टोबर आणि एप्रिल, टप उघडून फिरायला हेच खरे महिने, आणि तेव्हा सकाळी सहा वाजता सीट गरम नसेल तर अर्ध्या तासात टप वर करून हीटर लावून बसाल, मग सेडान काय वाईट होती? दुसरं, ग्रँड टूरिंगच्या टपाला आतून जाड अस्तर आहे, हायवेवर माणसाशी बोलता येतं. तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, तिचे हेडलाइट वळणाबरोबर वळतात. हॅरिमनच्या त्या रस्त्याला दिवे नाहीत, कडेला हरणं उभी असतात. तिथे मला डिफ नको, हरीण कुठे उभंय ते आधी दिसलं पाहिजे.
एलएसडी पब्लिक रोडवर कधी कामाला येतो ते सांग. येत असेल तर तू तिथे नको तेवढ्या जोरात चाललायस.

ऑटोक्रॉस_बंड्या:
काका पावसात येतो. ओल्या रस्त्यावर सिग्नलवरून डावीकडे वळताना पण येतो, त्याला जोरात जावं लागत नाही.
आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. सेकंडहँड घेताना नंतर काय बसवता येतं ते बघायचं असतं. सीट हीटरचे पॅड बाहेर मिळतात, कुठलाही अपहोल्स्टरीवाला बसवून देतो. डिफ बदलायचा म्हणजे मागचा अर्धा संसार खाली उतरवायचा. आणि कधी ऑटोक्रॉसचा (मोकळ्या जागेत शंकू मांडून घड्याळाशी शर्यत) किडा चावलाच तर एससीसीए या अमेरिकन रेसिंग क्लबच्या स्ट्रीट क्लासमध्ये कंपनीतून न आलेला डिफ लावून चालत नाही. म्हणजे क्लब ती क्लबच.

डेट्रॉइटकाका:
तुझाच मुद्दा उलटा करून देतो. बिलस्टीन दुसऱ्या क्लबवाल्यांकडूनच स्वस्तात मिळतात, कारण तुझ्यासारखे लोक ते काढून त्याहून कडक काहीतरी लावतात. ब्रेस तर चार नटांचं काम. पण वळणारे हेडलाइट, आपोआप चालणारे वायपर, यांचं वायरिंग नंतर कोण घालणार? तू? ग्रँड टूरिंगची क्लब बऱ्यापैकी करता येते, क्लबची ग्रँड टूरिंग करता येत नाही. एक डिफ सोडला तर. तो मान्य.

स्वराजमाझदा:
माझदा म्हटलं की मला अजून गावाकडचा स्वराज माझदाच आठवतो, मागे ऊस नाहीतर वऱ्हाड. त्याला एक ट्रिम होती, चालू. बाकी चालू द्या.

कंजूष_पण_खूष:
तुम्ही दोघं चुकीच्या गोष्टीवर भांडताय. ट्रिम हा नव्या गाडीच्या शोरूममधला खेळ आहे. 2016 ला नवी असताना स्पोर्ट 24,915 डॉलर होती, क्लब 28,600, ग्रँड टूरिंग 30,065. तेव्हा तो फरक खिशाला कळायचा. आता सात-आठ वर्षं वापरलेल्या गाडीत तो फरक विरघळलाय, धागाकर्ता स्वतःच म्हणतोय हजाराचाही नाही. आता किंमत ठरते टायटल क्लीन आहे का (कागदावर मोठ्या अपघाताची नोंद नाही ना), टप फाटलाय का, खाली मीठ खाऊन गंजलीये का आणि आधीच्या मालकाने काय दिवे लावलेत यावरून. मी चांगली ठेवलेली स्पोर्ट घेईन, बेवारशी क्लबपेक्षा. स्पोर्टला 16 इंची चाकं आहेत, 195 मिमी रुंदीचे टायर, स्वस्त मिळतात, खड्ड्यात पण जरा मऊ जाते. न्यू जर्सीत खड्डे आहेत हे आठवतंय ना?
आणि खरंच काही निवडायचं असेल तर वर्ष निवडा. 2019 पासून तेच 2 लिटर इंजिन 181 हॉर्सपॉवरचं झालं, आधी 6800 आरपीएमला रेडलाइन (इंजिन फिरवायची कमाल मर्यादा) होती ती 7500 झाली, आणि स्टिअरिंग पुढेमागे सरकायला लागलं. त्याआधीचं फक्त वरखाली होतं. उंची किती तुमची?

घाटमाथा:
पाच-अकरा. बसून बघितलं, स्टिअरिंग जरा लांब वाटलं खरं, पण म्हटलं सवय होईल. 2019 ची बजेटच्या बाहेर जाते म्हणून बघितलीच नाही.

कंजूष_पण_खूष:
पाच-अकराला "सवय होईल" नाही होत. खांदे दुखतात. ट्रिमवर आठ पोस्टी पडल्या आणि तुम्ही अर्धा तास सलग चालवून बघितली का, हे कोणी विचारलंच नाही.

कोल्हापूरची_गॅरेजवाली:
मी जरा उशिरा आले. (कामाने मेकॅनिकल इंजिनिअर, वडिलांचं गॅरेज होतं, म्हणून नाव.) दादा, एक साधा प्रश्न. दोन्ही गाड्या मॅन्युअल आहेत ना?

घाटमाथा:
नाही हो ताई, दोन्ही ऑटोमॅटिक. रूट 1 चं ट्रॅफिक बघता म्हटलं क्लच नको, आणि बायकोला पण चालवता आली पाहिजे.

कोल्हापूरची_गॅरेजवाली:
मग झालं की. अहो ऑटोमॅटिक क्लबला एलएसडी येत नाही. बिलस्टीन पण नाही, ब्रेस पण नाही. ते सगळं फक्त मॅन्युअल क्लबला. ब्रेम्बोचं पॅकेज पण मॅन्युअललाच. ऑटोमॅटिक क्लब म्हणजे काळा स्पॉयलर, पुढे काळी हनुवटी, 17 इंची चाकं आणि लाल शिलाईच्या कापडी सीटा. बोसचे स्पीकर आहेत, पण ते ग्रँड टूरिंगलाही आहेत. बंड्याभाऊंनी सकाळपासून ज्याची आरती केली ते त्या गाडीत नाहीच.
ऑटोमॅटिकच घ्यायची असेल तर डोळे झाकून ग्रँड टूरिंग. त्यात वादच नाही.

डेट्रॉइटकाका:
हाहाहाहा

ऑटोक्रॉस_बंड्या:
ऑटोमॅटिक???? हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं हो. मी दोन पोस्टी डिफवर लिहिल्या, चहा गार झाला माझा.
आता माझं मत बदललं. क्लब पण नको, ग्रँड टूरिंग पण नको, आधी मॅन्युअल. मियाटाचा गिअर हा मनगटाने पडतो, इतका छोटा आणि नेमका, की ट्रॅफिकमध्येसुद्धा माणूस उगाच तिसऱ्यातून दुसऱ्यात येतो. ते सोडून ऑटोमॅटिक म्हणजे... काका तुम्हीच सांगा, तुमची कुठली आहे?

डेट्रॉइटकाका:
मॅन्युअल आहे. त्यात दुमत नाही. पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला रूट 1 वर क्लच मार म्हणून मी सांगणार नाही, ऑटोमॅटिक मियाटा पण मियाटाच असते, टप उघडतोच की. ज्याचं त्याने ठरवावं.

कोल्हापूरची_गॅरेजवाली:
दादांचा गुडघा ठीक असावा, तसं काही लिहिलं नाहीये. आणि "बायकोला पण चालवता आली पाहिजे" हे वाक्य वाचून विचारते, वहिनींना मॅन्युअल येत नाही हे त्यांनी सांगितलंय की तुम्ही ठरवलंय?

घाटमाथा:
...
विचारतो.

घाटमाथा:
विचारलं. मी लिहितोय ते शब्द तिचेच आहेत: "लग्नाआधी बाबांची मारुती 800 कराडहून कोल्हापूरला कोण न्यायचं? उंब्रजच्या तुझ्या मामांना घ्यायला पण मीच आले होते, तू मागे झोपला होतास." एकवीस वर्षांत हा विषय कधी निघालाच नाही. इथे आल्यापासून सगळ्या गाड्या ऑटोमॅटिकच, त्यामुळे मी समजूनच चाललो होतो. आता ती म्हणते मॅन्युअलच बघ. पण सीट हीटर सोडणार नाही, ते लेखी दे म्हणते.

कोल्हापूरची_गॅरेजवाली:
वहिनींना माझा नमस्कार सांगा.
मग तुमच्यासाठी एकच गाडी उरते. 2019 ला ग्रँड टूरिंगवर जीटी-एस नावाचं पॅकेज आलं, फक्त मॅन्युअलला. त्यात एलएसडी, बिलस्टीन आणि ब्रेस, वर ग्रँड टूरिंगचं सगळं, गरम सीटसकट. इंजिन 181 वालं, स्टिअरिंग सरकणारं. विकणारे जाहिरातीत नुसतं ग्रँड टूरिंग लिहितात, त्यांनाच माहीत नसतं. डीलरकडून मूळ स्टिकर (नव्या गाडीच्या काचेवरची किंमत-पॅकेजांची यादी) मागवा. ते नाही मिळालं तर मेकॅनिकला सांगा, गाडी गिअरमध्ये ठेवून मागची दोन्ही चाकं उचल आणि त्यातलं एक चाक हाताने फिरव. दुसरं सहज उलटं फिरलं तर डिफ साधा आहे.

कंजूष_पण_खूष:
बजेट?? आणि 2016-17 ची मॅन्युअल बघणार असाल तर एक सांगून ठेवतो, सुरुवातीच्या वर्षांच्या गिअरबॉक्सबद्दल ओनर्समध्ये बरीच चर्चा होती आणि आतले पार्ट कंपनीने नंतर बदलत नेले. म्हणून गाडी पूर्ण थंड असताना चालवून बघायची, विकणाऱ्याला सांगायचं मी येईपर्यंत चालू करू नकोस. बॉनेटला हात लावून बघा, गरम लागलं तर समजून जा.

घाटमाथा:
पेनसिल्व्हेनियात एक सापडली. 2019, मॅन्युअल, स्टिकरवर जीटी-एस लिहिलेलं दिसतंय. ठरवलेल्यापेक्षा सव्वातीन हजार जास्त. मी कां कू करत होतो तर मिनीव्हॅनचे पैसे कुठे गेले अशी बायकोकडून विचारणा झाली. शनिवारी बघायला जातोय. टेस्ट ड्राइव्ह ती घेणार, मी शेजारी.

ऑटोक्रॉस_बंड्या:
ब्रेम्बो नाहीत त्यात.

डेट्रॉइटकाका:
बंड्या झोप आता.