मदत हवी आहे: तेराही राज्यांची संमती लागत असताना अमेरिकेची राज्यघटना नऊ राज्यांवर कशी मंजूर झाली?

सांगलीकरीण

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक आठवीत आहे. तिच्या वर्गात पुढच्या आठवड्यात १७८७ च्या फिलाडेल्फिया परिषदेची नक्कल करणार आहेत. प्रत्येक मुलाला एकेक प्रतिनिधी वाटून दिलाय आणि हिच्या वाट्याला न्यू जर्सीचे विल्यम पॅटरसन आलेत. बाजू मांडायची ती लहान राज्यांची: राष्ट्रीय विधिमंडळात प्रत्येक राज्याला सारखंच मत हवं. पोरगी खट्टू झालीये. "आई, ही बाजू मलाच पटत नाही. जिथे माणसं जास्त तिथे मतं जास्त, हे सरळ आहे ना?"

मला तिची समजूत घालता आली नाही, कारण मी शिकले ते आपल्याकडचं. राज्यसभेत उत्तर प्रदेशाच्या ३१ जागा, महाराष्ट्राच्या १९, गोव्याची १. त्यामुळे सारखं मत मागण्यामागे "आम्ही लहान आहोत, आम्हाला सांभाळून घ्या" यापलीकडे काही मुद्दा होता का, हा पहिला प्रश्न.

दुसऱ्या प्रश्नावर मी स्वतःच अडकले आहे. आधीचा करार, म्हणजे आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, १७८१ पासून लागू होता. त्यातच लिहिलं होतं की बदल करायचा तर काँग्रेसची (म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेची) मंजुरी हवी आणि शिवाय प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाची. फिलाडेल्फियाला जमलेल्यांना काँग्रेसने सांगितलं होतं, फक्त दुरुस्त्या सुचवा. त्यांनी जुना करारच बाजूला ठेवला, नवी घटना लिहिली आणि वर नऊ राज्यांची मान्यता पुरे असं ठरवलं. हे चाललं कसं? कुणी अडवलं नाही?

दुवे नकोत, तुम्हाला समजलंय ते मराठीत सांगा. मला ते तिच्यापाशी बसून बोलायचं आहे.

---

घाटवाट

ताई, लेकीला सांगा, बाजू चांगली भक्कम मिळाली आहे. फक्त "लहान" हा शब्द भाषणातून काढून टाकायचा.

पॅटरसन यांचा मुद्दा कराराचा होता. तेरा राज्यं स्वतंत्र, सार्वभौम म्हणून एकत्र आली. १७७४ च्या पहिल्या काँग्रेसपासून एक राज्य, एक मत हीच रीत होती. बरोबरीच्या नात्याने केलेला करार एका बाजूने मोडायचा आणि मग लोकसंख्येच्या जोरावर दुसऱ्याला त्यात ओढायचं, याचा अधिकार इथे जमलेल्या कुणालाही नाही, असं ते म्हणत होते. डेलावेअरच्या विधिमंडळाने तर आपल्या प्रतिनिधींना लेखी बजावून पाठवलं होतं की समान मताला हात लावायचा नाही.

दुसरं म्हणजे, न्यू जर्सीला दुबळं केंद्र हवं होतं अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. न्यू जर्सीला मोठं बंदर नव्हतं. परदेशी माल न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाला उतरायचा, जकात त्या राज्यांच्या तिजोरीत जायची आणि ती भरायची मात्र न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाने. या रागापोटी १७८६ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळाने काँग्रेसने मागितलेला पैसा द्यायला सरळ नकार दिला. व्यापार आणि जकात केंद्राच्या हातात जावी यात त्यांचाच फायदा होता.

म्हणून १५ जूनला पॅटरसन यांनी मांडलेली योजना वाचून बघा. काँग्रेसला आयातीवर कर बसवू द्या, व्यापाराचं नियमन करू द्या, एक सर्वोच्च न्यायालय असू द्या, हे सगळं तीत आहे. आणि काँग्रेसचे कायदे व तह हे राज्यांमध्ये सर्वोच्च कायदा मानले जातील, हे कलमही तिथलंच. योजना १९ जूनला पडली, बाजूने फक्त न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि डेलावेअर. पण ते सर्वोच्चतेचं कलम पुढे घटनेत गेलं आणि केंद्राचा कायदा राज्यांच्या वर चढला तो त्याच्याच आधारावर. हरलेल्या बाजूने दिलेली ही गोष्ट आहे. लेकीच्या भाषणाचा कणा मी तोच करेन.

तोडगा निघाला १६ जुलैला. खालच्या सभागृहात लोकसंख्येप्रमाणे जागा, सिनेटमध्ये राज्यांना समान मत. बाजूने पाच राज्यं, विरोधात चार. मॅसॅच्युसेट्सचे चार प्रतिनिधी दोनास दोन फुटले, त्यामुळे त्यांचं मत धरलंच गेलं नाही. ते विरोधात गेलं असतं तर पाचास पाच होऊन ठराव पडला असता. ऱ्होड आयलंडने कुणाला पाठवलंच नव्हतं, न्यू हॅम्पशायरचे लोक अजून पोहोचायचे होते आणि न्यूयॉर्कचे दोघं आदल्या आठवड्यात रागावून घरी गेले होते. आजचं सिनेट त्या दिवशी त्या खोलीत कोण हजर होतं यावर उभं राहिलं.

---

निळीशाई

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

एकमताच्या अटीने काय केलं होतं ते आधी पाहावं लागेल. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची, राज्यं जमेल तसे द्यायची किंवा द्यायची नाहीत. युद्धाचं कर्ज डोक्यावर होतं. १७८१ मध्ये काँग्रेसने आयातीवर ५ टक्के जकातीची दुरुस्ती सुचवली. बारा राज्यं तयार झाली, ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं, दुरुस्ती संपली. १७८३ मध्ये पुन्हा नवी योजना आली, ती न्यूयॉर्कने अडवली. आपल्याकडे सोसायटीच्या पुनर्विकासात एका सभासदाच्या सहीवाचून सगळं अडतं, तशी अवस्था. त्यात १७८६ च्या शेवटी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जाने पिचलेले शेतकरी डॅनियल शेज यांच्या मागे उभे राहिले आणि जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. ते मोडायला काँग्रेसकडे पैसा नव्हता. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून राज्याची फौज उभी केली.

आता परिषदेला जमलेल्यांना हे दिसत होतं की नवी घटनाही त्याच अटीखाली पाठवली तर ऱ्होड आयलंड ती एका फटक्यात मारणार. मग त्यांनी दोन गोष्टी केल्या.

एक, मान्यता विधिमंडळांकडून घ्यायचीच नाही, त्यासाठी प्रत्येक राज्यात लोकांनी वेगळी परिषद निवडायची. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन आणि जेम्स मॅडिसन यांनी २३ जुलैला हे जोर लावून मांडलं. विधिमंडळ स्वतःच राज्याच्या घटनेतून जन्मलेलं, त्याला तिच्यापेक्षा मोठं काही मान्य करायचा अधिकार कुठून येणार? शिवाय एका विधिमंडळाने दिलेलं पुढचं विधिमंडळ काढून घेईल. लोकांनी दिलेलं तसं काढता येणार नाही. माझ्या मते सगळ्या परिषदेतला हा सर्वांत खोल युक्तिवाद आहे.

दोन, आकडा. ऑगस्टच्या शेवटी यावर चर्चा झाली. पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन म्हणाले सात पुरेत, कुणी दहा म्हणालं, मेरीलँडचे डॅनियल कॅरोल तेराही हवीत म्हणाले. नऊ ठरलं, कारण तो ओळखीचा आकडा होता. जुन्या करारातही युद्ध, तह, कर्ज यांसाठी नऊ राज्यंच लागत. आणि नऊ राज्यांनी मान्य केलं तर घटना लागू होणार होती ती त्या नऊंपुरतीच. उरलेल्यांवर सक्ती नव्हती.

जुन्या कराराच्या शब्दाला धरून बघितलं तर हे नियमात बसत नव्हतं, हे मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं. मॅडिसननीही पुढे याचा बचाव करताना नियम पाळला असं म्हटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की एका राज्याच्या हट्टापायी बाराजणांचं भवितव्य बांधून ठेवणं मूर्खपणाचं आहे.

अडवणारे होते. काँग्रेसमध्ये रिचर्ड हेन्री ली यांनी प्रयत्न केला. शेवटी २८ सप्टेंबर १७८७ ला काँग्रेसने मसुदा राज्यांकडे रवाना केला, पण शिफारस केली नाही आणि निषेधही केला नाही. मग राज्यांच्या विधिमंडळांनी स्वतःच परिषदा बोलावल्या. म्हणजे ज्यांना बगल दिली होती त्यांनीच दार उघडून दिलं.

---

सांगलीकरीण

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मोठ्याने वाचून दाखवलं. जकातीची गोष्ट तिला फार आवडली.

आता तिचाच प्रश्न विचारते. "लोकांनी मान्यता दिली" म्हणतात, तर त्यात कोण होतं? बायका होत्या? गुलाम केलेली माणसं तर नसणारच. मग त्यांची मोजणी कशासाठी केली?

---

दूरदेशी

हा प्रश्न वर्गात जरूर विचारायला सांगा.

मोजणी जागांसाठी केली. खालच्या सभागृहात लोकसंख्येवर जागा ठरल्यावर दक्षिणेकडच्या राज्यांना गुलामांची पूर्ण मोजणी हवी होती. मतदान, हक्क, काही द्यायचं नाही, पण त्यांच्या डोक्यांवर जागा मात्र घ्यायच्या. शेवटी पाच गुलाम म्हणजे तीन माणसं असं मोजायचं ठरलं. हे तीन-पंचमांश प्रमाण १७८३ मध्ये राज्यांवर पैशाचा बोजा वाटण्यासाठी सुचवलं गेलं होतं, तेच इथे उचललं. १७९० च्या पहिल्या जनगणनेत व्हर्जिनियात सुमारे ७ लाख ४७ हजार लोक होते, त्यांतले सुमारे २ लाख ९२ हजार गुलाम. यावरून त्या कलमाने किती जागा वाढल्या असतील याचा अंदाज करा. शिवाय माणसांची आयात १८०८ पर्यंत काँग्रेसने बंद करायची नाही, हेही त्याच घटनेत लिहिलं गेलं.

आणि पॅटरसन या विषयावर गप्प नव्हते. ९ जुलैला ते म्हणाले, ज्या राज्यात हे लोक राहतात तिथेच त्यांना प्रतिनिधित्व नाही, तर राष्ट्रीय सरकारात कशाला द्यायचं? हा युक्तिवाद त्या माणसांच्या बाजूचा नव्हता, दक्षिणेला जास्तीच्या जागा मिळू नयेत म्हणून होता. न्यू जर्सीतही गुलामगिरी होती. तिथे ती हळूहळू संपवण्याचा कायदा १८०४ चा. लेकीने हे वाक्य वापरलं तर दोन्ही गोष्टी सांगाव्यात, नाहीतर पॅटरसन आहेत त्यापेक्षा मोठे दिसतील.

बायकांचं म्हणाल तर न्यू जर्सी वेगळं होतं. १७७६ च्या राज्यघटनेत मतदार म्हणून ५० पौंडांची मालमत्ता असलेले "सर्व रहिवासी" असं लिहिलं होतं, पुरुष असं नव्हतं. त्या आधारावर मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा स्त्रिया मतदान करत. १८०७ मध्ये कायदा करून त्यांचा आणि काळ्या रहिवाशांचाही हा हक्क काढून घेतला. तुमच्याच राज्याचा इतिहास आहे हा.

---

निळीशाई

दूरदेशींच्या प्रतिसादाला जोडून, मान्यता कशी मिळाली तेही सांगते, नाहीतर सगळं सुरळीत पार पडलं असं वाटेल.

डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ ला पहिली मान्यता दिली, ३० विरुद्ध ०. न्यू जर्सी १८ डिसेंबरला, ३८ विरुद्ध ०. लहान राज्यांना सिनेट मिळालं होतं, त्यांचं समाधान झालं होतं. पेनसिल्व्हेनियात मात्र विरोधी आमदार गणपूर्ती होऊ नये म्हणून सभागृहात येईनात, तेव्हा जमावाने दोघांना त्यांच्या मुक्कामावरून ओढत आणून खुर्चीत बसवलं आणि परिषद बोलवायचा ठराव करून घेतला. मला हे वाचून आजही वाईट वाटतं. लोकांच्या नावाने चाललेल्या कामात हे व्हायला नको होतं.

खरी अडचण मॅसॅच्युसेट्सला आली. नागरिकांच्या हक्कांची सनद कुठे आहे, हा प्रश्न गावोगावचे प्रतिनिधी विचारत होते. तेव्हा वाट काढली ती अशी: आत्ता मान्यता द्या, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा. ६ फेब्रुवारी १७८८ ला १८७ विरुद्ध १६८ ने मंजूर. दहा मतं इकडची तिकडे झाली असती तर पडली असती. नववं राज्य न्यू हॅम्पशायर, २१ जूनला. चारच दिवसांनी व्हर्जिनिया, ८९ विरुद्ध ७९, तेही पॅट्रिक हेन्री यांच्या विरोधाला तोंड देऊन. न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क बाहेर राहिले असते तर नऊ राज्यांची घटना कागदावर लागू असती आणि देशाचे तुकडे पडलेले असते.

दुरुस्त्यांचा शब्द पाळला गेला. मॅडिसननी ८ जून १७८९ ला त्या मांडल्या आणि त्यांतल्या दहा १५ डिसेंबर १७९१ ला घटनेचा भाग झाल्या. विरोधकांनी ताणून धरलं नसतं तर त्या आल्या नसत्या, म्हणून मी त्यांना हरलेले म्हणत नाही.

ऱ्होड आयलंडचं काय झालं, हे लेक विचारेलच. वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ ला शपथ घेतली तेव्हाही ते बाहेरच होतं. मे १७९० मध्ये सिनेटने त्यांच्याशी व्यापार तोडण्याचं विधेयक मंजूर केलं, त्यानंतर २९ मेला त्यांनी मान्यता दिली. ३४ विरुद्ध ३२.

---

सांगलीकरीण

भरभरून मिळालं. तिने भाषण बंदराच्या मुद्द्यापासून सुरू करायचं ठरवलंय. शेवटचं एकच: पॅटरसन पुढे नव्या सरकारात गेले का? बाईंनी प्रत्येकाला आपापल्या प्रतिनिधीची थोडक्यात ओळख करून द्यायला सांगितली आहे.

---

घाटवाट

गेले. जन्म १७४५, आयर्लंडमधला, अगदी लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आले. शिक्षण आज प्रिन्स्टन म्हणतात त्या कॉलेजात. युद्धाच्या काळात न्यू जर्सीचे महाधिवक्ता. परिषदेतून जुलैच्या शेवटी घरी गेले होते, पण सिनेटचा तोडगा टिकला होता, म्हणून सप्टेंबरमध्ये सही करायला परत आले. पहिल्या सिनेटमध्ये न्यू जर्सीचे सदस्य म्हणून बसले आणि १७८९ चा न्यायव्यवस्थेचा कायदा लिहिण्यात त्यांचा हात होता. मग राज्याचे गव्हर्नर, आणि १७९३ पासून १८०६ मध्ये वारले तोवर सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश. तुमच्या राज्यातल्या पॅटरसन शहराला नाव त्यांचंच आहे.