वडिलांपेक्षा मागे पडलो, याचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न (यावल तालुका)
माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. एकट्याच्या पगारावर त्यांनी दोन बहिणींची लग्ने केली, धाब्याच्या घराच्या जागी स्लॅबचे घर बांधले, आणि आजही त्यांच्या पेन्शनवरच आमचे घर उभे आहे. मी एम.एस्सी. करून सेट ही प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालो, तरी वयाच्या ३८ व्या वर्षी तासिका तत्त्वावर शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधनही बंद असते. मला कळू नये अशा बेताने वडील दरमहा किराण्याचे पैसे आईजवळ देतात. मला ते कळते. माझे कष्ट कमी पडले, की काही निराळेच घडले?

उत्तर (धुळे)
राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन योजना लागू राहिली नाही. मी १९९९ साली शिक्षक झालो, धाकटा भाऊ २००८ साली. डी.एड. दोघांचे एकाच कॉलेजातले आणि गुण त्याचे जास्त, तरी म्हातारपणाची निश्चिंती मात्र मला. तुमच्या बाबतीत तर पदच भरले जात नाही. विषय तोच, विद्यार्थी तेच, पण शिकवणाऱ्याचा हिशोब तासावर. तारखेने आणि रिक्त पदाने पडलेले अंतर आपल्या लायकीचे समजू नका.

उत्तर (रावेर)
शेतीतही हेच आहे. महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आली. आजोबांची बारा एकर केळीची बागायत तीन मुलांत वाटली गेली आणि वडिलांच्या चार एकरांत आम्ही दोघे भाऊ आहोत. आजोबांचे विहिरीवर भागत होते, आम्ही बोअरसाठी कर्ज काढले.

उत्तर (अमळनेर)
भाऊ, आमच्याकडे हे एक पिढी आधीच घडले. आजोबा कापड गिरणीत कायम कामगार होते; वडील त्याच गिरणीत लागले, पण ती बंद पडली आणि पुढे त्यांनी बाजार समितीत हमाली केली. ते याविषयी कधीच बोलले नाहीत, आणि आजोबांनी उभे केलेले घर त्यांना राखता आले नाही, असेच आम्ही मुले समजत राहिलो. गिरणीचे सारे मला त्यांच्या पश्चात, त्यांच्या सोबत्यांकडून कळले. वडील हयात आहेत तोवर, किराण्याच्या पैशांचे तुम्हाला कळते, हे त्यांना सांगून टाका.