‘साउंडस्टेज’ला मराठीत काय म्हणावं?

मांडवीकाठ
पणजीत एका विक्रेत्यानं नुकताच हाय-फाय यंत्रांचा डेमो ठेवला होता. हॉटेलातला मीटिंगचा हॉल, पडदे ओढलेले, छातीएवढे उंच दोन स्पीकर, मधे जमिनीवर व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि शेजारी तबकड्या वाजवायचं यंत्र. किंमत विचारायचं धाडस कुणी केलं नाही. आमच्या संगीत मंडळाच्या अंकासाठी मी त्यावर दोन पानं लिहून दिली. संपादकांनी ‘साउंडस्टेज’ शब्दाला लाल गोल करून परत पाठवली. समासात लिहिलंय: ‘ध्वनिमंच करा.’

ध्वनिमंच म्हटलं की मला जत्रेतला भोंगे रचलेला मंच दिसतो. सांगायचंय ते नेमकं उलट. दोन स्पीकरांच्या मधे रिकामी भिंत असते. तरी गाणारा मधोमध बसलाय, तबला आपल्या डाव्या हाताला, पेटी उजव्या हाताला, तंबोरे मागे, असं ऐकू येतं. डोळे मिटले तर स्पीकर कुठे आहेत ते सांगता येत नाही. या ऐकू येणाऱ्या जागेला शब्द हवाय.

शिवाय त्यांनी ‘डेमो’चं ‘प्रात्यक्षिक’ केलंय. तेही खटकतंय, पण एका वेळी एकच भांडण.

फोंड्याची सून
प्रात्यक्षिक म्हणजे बेडूक कापणे आणि प्रयोगवहीवर बाईंची सही. तुमच्या त्या हॉलात कुणी काय प्रत्यक्ष केलं? एकानं ऐकवलं, बाकीच्यांनी ऐकलं. ‘ऐकवणी’ म्हणा. पाहणी, चाचणी, तशी ऐकवणी.

व्याकरणी
पाहणी आणि चाचणी ही जोडी इथे लागू नाही, ‘ऐकवणे’ प्रयोजक आहे. पण ‘पाठवणे’वरून ‘पाठवणी’ होते, त्याच वाटेनं ‘ऐकवणी’ होऊ शकेल. शब्द नियमात बसतो. रुळेल असं मात्र मी म्हणालो नाही.

करवीरकर
पाठवणीच बरोबर. तिथून माणूस घरी परततो तेव्हा त्याच्या बँकेतल्या ठेवीची पाठवणी झालेली असते.

जुना रेडिओ
‘ध्वनिमंच’वर एवढा राग, मग ‘ध्वनिवर्धक’ का चालतो? आवाज वाढवतो तो अँप्लिफायर, म्हणजे वर्धक तो. आवाज फेकतो तो स्पीकर, म्हणजे क्षेपक तो. सरळ हिशेब आहे. पण रात्री दहा वाजता पोलीस येऊन बंद करायला लावतात त्याला एक पेपर ध्वनिवर्धक म्हणतो, दुसरा ध्वनिक्षेपक. दुरुस्तीच्या धंद्यात माझा उभा जन्म गेला. ‘माझा ध्वनिवर्धक बिघडलाय’ म्हणत दुकानाची पायरी चढलेला एकही इसम मला आठवत नाही. देवळावर बांधायचा ‘कर्णा’ घेऊन आलेले मात्र पुष्कळ.

शुद्धमती
बोलत नाहीत म्हणून शब्दच नको, हा तर्क घातक आहे. विमानतळ आणि दूरध्वनी हेही आधी हसण्यावारी नेले होते. ‘ध्वनिमंच’मध्ये काय वाईट? मूळ शब्दाचे दोन्ही घटक त्यात आलेत.

जुना रेडिओ
म्हणूनच वाईट. घटक आले, अर्थ मागे राहिला.

डिचोलीकर
आमच्याकडे शब्द आहे. मांड.

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. शिगम्याचं नमन जिथे होतं, पौषात बायका रात्री धालो जिथे खेळतात, ती गावातली ठरलेली जागा म्हणजे मांड. तिथे चपला घालून कुणी जात नाही. गंमत अशी की बऱ्याच ठिकाणी ते एरवी कुणाचं तरी साधं अंगण असतं. दिवसा तिथे भात वाळत घालतात, पोरं क्रिकेट खेळतात. माणसं जमली, गाणं सुरू झालं, की मांड उभा राहतो. मंच आधी बांधतात, मग त्यावर माणसं चढतात. मांडाला बांधकाम लागत नाही. मांडवीकाठ बाब म्हणतात तसंच, भिंत रिकामी आणि तरी जागा आहे.

मांडवीकाठ
अंगावर काटा आला. लिहून टाकतो: ‘या स्पीकरांचा मांड भिंतीच्या मागे दोन हात खोल जातो.’

साताऱ्याचा
थांबा. ‘मांड’ म्हणजे घोड्यावरची बैठक. मांड पक्की, मांड ढिली. आणि ती मांड, तो नव्हे. ‘स्पीकरांचा मांड’ वाचून आमच्याकडचा माणूस आधी घोडा शोधील.

खर्जात
आणि गाणारा माणूस राग शोधील. मांड हा राजस्थानी लोकसंगीतातून आलेला राग आहे. संगीत मंडळाच्या अंकात ‘स्पीकरांचा मांड’ म्हणजे यंत्र कुठली ठुमरी वाजवत होतं, अशी पत्रं येतील.

फोंड्याची सून
मला वेगळीच अडचण आहे. धालोच्या मांडावर आम्ही अनवाणी जातो, आधी दिवा लावतो. तो शब्द हॉटेलातल्या एसी हॉलात, क्रेडिट कार्डाच्या यंत्राशेजारी नेऊन ठेवायचा? डिचोलीकर भाई, तुमच्या आजीला विचारून बघा.

डिचोलीकर
आजी असती तर म्हणाली असती, पहिलं मला त्या खुर्चीत बसव.

शुद्धमती
मूळ मुद्दा: हा शब्द कोकणी आहे.

डिचोलीकर
सिंधुदुर्गातल्या शिमग्यातही मांड आहे. तिथलं काय करायचं? १९८७ चा गोव्यातला कोकणी-मराठी राजभाषेचा वाद इथे पुन्हा उकरणार असाल तर मी निघालो. मांडव, मांडणी, मांडणे, सगळं एकाच घरातलं.

व्याकरणी
घर एक नाही. मांडव ‘मण्डप’वरून आलाय. ‘मांडणे’ हे सजवण्याच्या अर्थाच्या ‘मण्ड्’ धातूकडे जातं. सारखं ऐकू आलं म्हणून नातं लावू नये, नाहीतर उद्या कुणी मांडवी नदीही यात ओढेल.

मांडवीकाठ
ओढणारच होतो.

तारायंत्र
शब्द शोधण्याआधी वस्तू काय आहे ते बघा. ॲलन ब्लमलाइन हा ईएमआयचा इंजिनिअर. बोलपटाला गेला असता पडद्यावरचं पात्र एका बाजूला आणि आवाज भलत्याच बाजूनं, हे त्याला खुपलं, अशी कथा सांगतात. डिसेंबर १९३१ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. तो ‘स्टिरिओ’ म्हणत नव्हता, ‘बायनॉरल’ म्हणत होता, म्हणजे दोन कानांचं. आवाज डावीकडून आला तर उजव्या कानाला तो किंचित उशिरा आणि किंचित मंद पोचतो. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, पण मेंदू तेवढ्यावरून दिशा ठरवतो. दोन स्पीकर मेंदूची हीच समजूत घालतात. तेव्हा ही जागा हॉलात नसते, ऐकणाऱ्याच्या डोक्यात तयार होते. खुर्ची दोन हात सरकवली की ती मोडते. तुमच्या मांडाला खुर्ची सरकवल्यानं काही होत नाही. म्हणून ‘भास’ हा शब्द जास्त प्रामाणिक: नादाभास.

आणि स्टिरिओचं ग्रीक मूळ ‘घन’ या अर्थाचं आहे. पाहिजे तर घननाद करा.

करवीरकर
घननाद म्हणजे ढगांचा गडगडाट. मेघनादाचा चुलतभाऊ. त्यापेक्षा हे ऐकायला जाणाऱ्यांना काय म्हणायचं ते आम्ही केव्हाच ठरवलंय: नादखुळे.

खर्जात
‘नादिष्ट’ जास्त सभ्य. नाद लागणं आणि नाद ऐकणं दोन्ही त्यात येतं. ऑडिओफाइलला इतका नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही.

तारायंत्र
एक विचारू? त्या डेमोत काय काय वाजवलं?

मांडवीकाठ
आधी पाश्चात्त्य जाझ, मग एक तबलावादन. शेवटी गोव्याचे श्रोते म्हणून खास गायिका केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका. तिथे तर सगळे गप्पच झाले. आवाज बरोबर मधोमध, हात लांबवला तर लागेल असा. मांड म्हणतो तो हाच.

तारायंत्र
हा नाहीच तो! केसरबाईंच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या, तबकड्या मोनो आहेत. दोन्ही स्पीकरांतून तंतोतंत एकच आवाज निघाला की तो मधोमध ऐकू येणारच. त्यात डावं-उजवं नसतं. तबला आणि पेटी बाईंच्याच जागेवर बसलेली असतात. तुमचा मांड तबलावादनात असेल, इथे नाही.

फोंड्याची सून
आमच्या केरीच्या बाईंना मोनो म्हणून मधे बसवताय? त्या मधेच बसायच्या. त्यांची भैरवी १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेच्या बाहेर निघाली, तीही मोनोच. तिथे कुणी खुर्ची सरकवून बघणार नाही.

जुना रेडिओ
मला वेगळाच संशय आहे. महागडी केबल लावून ‘आता फरक बघा’ म्हणाले असतील ना? त्या वेळी आवाजाचं बटण कुणाच्या हातात होतं?

मांडवीकाठ
विक्रेत्याच्या.

जुना रेडिओ
झालं तर. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलंय की आवाज हळू असला की कानाला खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, कमी ऐकू येतो. बटण वाढवलं की खर्ज भरतो आणि तेच गाणं भरीव वाटतं. वाढ इतकी थोडी असते की ‘मोठा केला’ असं लक्षात येत नाही, ‘चांगला लागला’ असं वाटतं. दोन्ही वेळेला पातळी मीटरवर मोजून सारखी केली नसेल, तर ती ना ऐकवणी ना प्रात्यक्षिक. त्याला मराठीत ‘गिऱ्हाईक पटवणं’ असा जुना आणि शुद्ध शब्द आहे.

शुद्धमती
‘गिऱ्हाईक’ फारसी नसल्यानं निदान त्यावर माझा आक्षेप नाही.

मांडवीकाठ
केबलचा परिच्छेद मी काढून टाकणार नाही. फरक ऐकला तो ऐकला. बरं, ‘वॉर्म’चं काय? ‘उबदार आवाज’ लिहिलं तर गोधडीची जाहिरात वाटते.

खर्जात
‘गोल’. गवयाचा आवाज गोल असतो, तसाच स्पीकराचा. ‘ब्राइट’ला ‘टोकदार’, फारच झालं तर ‘चरचरीत’. तंबोऱ्याला जवारी आहे, म्हणजे तारेची झणझण, आस आहे, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद. आवाजाचा पोत सांगायला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. फक्त आवाज कुठे बसलाय हे सांगायला नाही, कारण गाणारा समोर बसलेला दिसायचाच, वेगळं सांगायची वेळ आली नव्हती. तुम्हाला साउंडस्टेज सापडत नाही त्याचं कारण हे.

एक सूचना. ‘आस’ लिहिलीत तर मुद्रितशोधकाला आधी फोन करा. माझ्या एका लेखात ‘तंबोऱ्याची आशा’ छापून आली आहे.

साताऱ्याचा
आवाज ‘घुमतो’ ते चांगलं की वाईट?

जुना रेडिओ
देवळात चांगलं, हॉलात वाईट. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर ठरावीक खर्जाच्या सुराशी जुळलं की तेवढाच सूर फुगतो. त्यातून काच आणि संगमरवर. गोव्यातल्या जुन्या घरांतले लाकडी तक्तपोशीचे दिवाणखाने याहून बरे.

डिचोलीकर
घुमण्यावरून आठवलं, घुमट! आरतीतला. मातीचं मडकं, एका तोंडावर चामडं, दुसरं तोंड उघडं. ते डाव्या हातानं झाकत-उघडत वाजवतात. मागे भोक ठेवलेले जे स्पीकर असतात त्यांची विद्या याहून निराळी नाही. पोकळीतली हवा आणि तोंडातली हवा मिळून खर्ज देतात. गोव्यानं २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. वाद्याचं नाव ‘घुमणे’वरून पडलं हे उघड आहे.

व्याकरणी
उघड काही नसतं. देवळावरचा घुमट फारसी ‘गुंबद’कडून आलाय. वाद्यही आकारानं तसंच फुगीर. तेही तिथूनच आलं नसेल कशावरून?

डिचोलीकर
मडकं वाजवायला आमच्या लोकांना फारसीची वाट बघावी लागली नसेल.

फोंड्याची सून
घोरपडीचं चामडं होतं तोवर घुमट घुमायचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर ते चालत नाही. बकऱ्याच्या कातड्याचा नाद तसा नाही, असं माझे सासरे म्हणतात. समेळ (ढोल) आणि कांसाळ्याबरोबर (झांजेबरोबर) आरतीला बसले की अजूनही म्हणतात.

तारायंत्र
सासऱ्यांना डोळे बांधून दोन्ही ऐकवली आहेत का?

फोंड्याची सून
तुम्ही या फोंड्याला. डोळे तुमचे बांधू.

मांडवीकाठ
मजकूर द्यायचाय हो. मांड ठेवू की नको? आणि तो की ती?

डिचोलीकर
तो. ठेवा.

साताऱ्याचा
ती. ठेवू नका.

शुद्धमती
ध्वनिमंच.

नवी पाटी
नमस्कार, विषय सोडून विचारते. पावसाळ्यात वडिलांच्या तबकड्यांना बुरशी आली आहे. काही एलपी आहेत, काही ७८ च्या. कशानं पुसायच्या? एकानं स्पिरिट सांगितलंय.

जुना रेडिओ
७८ ला स्पिरिट चुकूनही नको. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, बुरशीबरोबर गाणंही जाईल. मऊ ब्रश घ्या, थोडं डिस्टिल्ड वॉटर, खाचांच्या दिशेनं फिरवा. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. उभ्या वाळवा, उन्हात नको.

शुद्धमती
ऊर्ध्वपातित जल.

जुना रेडिओ
ताई, दुकानात जाऊन ‘बॅटरीचं पाणी’ मागा, मिळेल.