आईचं अंगदुखणं थांबेना, डिप्रेशन असेल का?

रंकाळ्याची_लेक: आई ५४ वर्षांची, सहा महिने झाले अंग दुखतंय, धडधडतंय, झोप नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल. पहाटे चारला उठून स्वयंपाकघरात नुसती बसते, पुढ्यातला चहा गार होऊन साय धरतो. डॉक्टर म्हणाले मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, तर काकू म्हणतात आधी जोतिबाला जाऊन या, गल्लीत कळलं तर धाकटीचं लग्न अडंल. काय करू?

तांबडा_रस्सा: ताई, आपल्याकडं बायका मन उदास आहे असं म्हणतच नाहीत ओ, अंगच दुखतं. जोतिबाला जावा की, पण गोळ्या दिल्या तर त्यापण घ्या, फरक दिसायला दोन-चार आठवडे लागतात, मधेच सोडू नका.

तालीमवाला: डब्ल्यूएचओ म्हणते बायकांत डिप्रेशनचं प्रमाण पुरुषांच्या साधारण दीडपट. पण आमच्या तालमीत गडी रडत नाही, पितोय नाहीतर भांडतोय, ते मोजणार कोण? मी स्वतः दोन वर्षं नुसती चिडचिड म्हणून काढली.

रंकाळ्याची_लेक: आई घराबाहेरच पडत नाही हो.

तांबडा_रस्सा: मग १४४१६ लावा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि फोनवेळी काकूंना शेजारी बसवू नका बरं का 😄